सजीव पेशी पाहण्यासाठी चमकणारे कार्बन कण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वरुड, मोर्शी, काटोल, नरखेडच्या संत्रापट्ट्यातली आणि पलीकडे दर्यापूर-अकोटकडची मुलं एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी 'कार्बन डॉट' हा विषय आवडीनं घेतात. कारण उघड आहे. कच्चा माल बांधावर मिळतो, खर्च फारसा नाही आणि यूव्ही (अतिनील) टॉर्च मारला की बाटली निळी उजळते. पण बाटली उजळणं वेगळं आणि सजीव पेशीच्या आत काय चाललंय ते खात्रीनं दिसणं वेगळं. या दोहोंमधलं अंतर कसं कापायचं, याबद्दल विद्यार्थी, त्यांचे पालक आणि काही शेतकरी जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

कार्बन डॉट म्हणजे कोळशाची बारीक पूडच ना?

नाही. कोळसा कितीही कुटला तरी तो काळाच राहतो आणि पाण्याच्या तळाशी बसतो. कार्बन डॉट हा साधारण १० नॅनोमीटरपेक्षा (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) लहान कण असतो. आपल्या रक्तातल्या लाल पेशीचा व्यास सात-आठ मायक्रोमीटर (एक मायक्रोमीटर म्हणजे हजार नॅनोमीटर) असतो, म्हणजे पाच नॅनोमीटरचे कण ओळीनं मांडले तर एका पेशीच्या रुंदीत सुमारे दीड हजार बसतील. कणाच्या गाभ्यात बहुतांश कार्बन असतो, काही भाग ग्रॅफाइटसारखा थरांचा तर काही अव्यवस्थित. पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल, कार्बोक्सिल, कधी अमाइन असे गट चिकटलेले असतात. या गटांमुळेच कण पाण्यात विरघळल्यासारखा राहतो. पेशीशी पहिली गाठ पृष्ठभागाची पडते, गाभ्याची नाही. म्हणून 'कार्बनचा कण' एवढं म्हणून भागत नाही, त्याच्या अंगावर काय आहे तेही सांगावं लागतं.

याचा शोध कोणी लावला?

शोध अपघातानं लागला. २००४ मध्ये अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिना विद्यापीठात कार्बन नॅनोट्यूब (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या) शुद्ध करण्याचं काम चालू होतं. विद्युत-ठिणगीतून मिळालेल्या काजळीतून नॅनोट्यूब वेगळ्या करताना जेलवर (विजेच्या ओढीनं कण वेगळे करणाऱ्या मऊ थरावर) काही अनोळखी पट्टे दिसले आणि ते चमकत होते. २००६ मध्ये क्लेमसन विद्यापीठातल्या या-पिंग सन यांच्या गटानं लेझरनं ग्रॅफाइटपासून असे कण बनवले, त्यांच्या पृष्ठभागाला पॉलिमरची साखळी जोडली, तेव्हा चमक बरीच वाढली. 'कार्बन डॉट' हे नाव तिथून रूढ झालं. पुढच्याच वर्षी त्याच गटानं माणसाच्या स्तनाच्या कॅन्सरपेशींमध्ये हे कण टाकून प्रतिमा घेतल्या. २००७ मध्येच दुसऱ्या एका गटानं साध्या मेणबत्तीची काजळी नायट्रिक आम्लात तापवून वेगवेगळ्या रंगांत चमकणारे कण वेगळे केले. हा विषय लहान प्रयोगशाळांपर्यंत पोचायला त्या काजळीनं वाट मोकळी केली, असं मला वाटतं.

हे कण अंधारात आपोआप चमकतात का?

नाही. त्यांच्यावर प्रकाश टाकावा लागतो. अतिनील किंवा निळा प्रकाश ते शोषतात आणि त्याहून कमी ऊर्जेचा, म्हणजे जास्त तरंगलांबीचा प्रकाश बाहेर टाकतात. टॉर्च बंद केला की काही नॅनोसेकंदांत चमक संपते. यालाच फ्लुरोसन्स म्हणतात. जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ मध्ये या घटनेचा नीट अभ्यास केला तो क्विनाईनच्या द्रावणावर. तेच क्विनाईन, जे गडचिरोलीकडच्या जुन्या लोकांना हिवतापाचं कडू औषध म्हणून माहीत आहे. आजही कार्बन डॉटची चमक मोजताना तुलनेसाठी क्विनाईन सल्फेट वापरतात. सौम्य गंधकाम्लातल्या त्याच्या द्रावणाची क्वांटम यील्ड ०.५४ धरली जाते. म्हणजे शोषलेल्या प्रकाशाच्या १०० कणांपैकी (फोटॉनांपैकी) ५४ चमकेच्या रूपानं परत मिळतात.

कार्बन तर काळा असतो. मग हा कण चमकतो कशामुळे?

विद्यार्थी या प्रश्नाचं उत्तर सहसा दोन ओळींत लिहून मोकळे होतात, म्हणून इथे जरा थांबतो.

तीन कारणं सांगितली जातात. पहिलं, गाभ्यातले ग्रॅफाइटसारखे छोटे पट्टे. त्यांचा आकार लहान असल्यामुळे इलेक्ट्रॉनच्या ऊर्जापातळ्या सुट्या होतात आणि त्यांच्यात उडी मारताना प्रकाश निघतो. दुसरं, पृष्ठभागावरचे गट आणि दोष. इलेक्ट्रॉन तिथे अडकतो आणि तिथून खाली येताना चमकतो. वेगवेगळे गट वेगवेगळी ऊर्जा देतात, म्हणून टाकलेल्या प्रकाशाचा रंग बदलला की चमकेचा रंगही बदललेला दिसतो. तिसरं कारण अवघड जागेचं दुखणं आहे: चमक कणाची नसून, बनवताना तयार झालेल्या साध्या सेंद्रिय रेणूची असू शकते.

सायट्रिक आम्ल आणि इथिलीनडायअमाइन एकत्र तापवून २०१३ मध्ये सुमारे ८० टक्के क्वांटम यील्ड मिळाल्याचं प्रसिद्ध झालं, आणि ही कृती जगभर पसरली. २०१५ मध्ये दाखवून दिलं गेलं की त्याच अभिक्रियेत एक लहान, अतिशय तेजस्वी सेंद्रिय रेणू तयार होतो आणि निळ्या चमकेचा मोठा वाटा त्याचा असतो. तो रेणू कणाला चिकटलेला असू शकतो किंवा द्रावणात मोकळाही फिरत असू शकतो. मोकळा असेल तर पेशीत तो एका वाटेनं जाईल, कण दुसऱ्या वाटेनं. मग सूक्ष्मदर्शकात तुम्ही 'कण इथे पोचला' म्हणाल आणि प्रत्यक्षात तिथे भलतंच काही असेल. या एका शंकेमुळे कार्बन डॉटच्या कामात शुद्धीकरणाला बाकी सगळ्यापेक्षा जास्त वेळ द्यायला हवा.

पेशी रंगवायला आधीच इतके रंग आहेत. मग हे नवं कशाला?

प्रश्न रास्त आहे. डीएनए पाहायचा असेल तर डॅपी नावाचा रंग आहे आणि ते काम तो उत्तम करतो. जेलीफिशमधल्या हिरव्या प्रथिनानं पेशींच्या अभ्यासाचं रूपच बदललं, त्याला २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. सेमीकंडक्टरचे क्वांटम डॉट (अर्धवाहक पदार्थाचे चमकणारे नॅनोकण) १९९८ पासून पेशी रंगवायला वापरले जातात आणि क्वांटम डॉटच्या शोधासाठी २०२३ चं नोबेल बावेंडी, ब्रूस आणि एकिमोव्ह यांना मिळालं.

अडचणी अशा: बरेच सेंद्रिय रंग लेझरखाली थोड्याच वेळात फिके पडतात, त्यामुळे एकाच पेशीकडे तासन्‌तास पाहता येत नाही. हिरवं प्रथिन वापरायचं तर पेशीच्या जनुकात फेरफार करावा लागतो. नेहमीच्या चांगल्या क्वांटम डॉटमध्ये कॅडमियम असतं, आणि कवच खराब झालं की ते विषारी मूलद्रव्य पेशीत झिरपण्याची भीती असते. चांगला बनलेला कार्बन डॉट सहजी फिका पडत नाही, त्यात जड धातू नसतो आणि तो स्वस्तात बनतो. त्याची खरी ताकद एवढीच आहे. नुसतं केंद्रक पाहायचं असेल तर डॅपी विकत घ्या, उगाच कार्बन डॉटच्या मागे लागू नका. सजीव पेशीकडे बराच वेळ पाहायचं असेल, किंवा पेशीतला लोहाचा आयन, आम्लता अशा गोष्टींना प्रतिसाद देणारा कण हवा असेल, तिथे याचा उपयोग आहे.

कण पेशीच्या आत शिरतो तरी कसा?

बहुतेक वेळा पेशीच त्याला आत घेते. पेशीचं आवरण आत वळतं, कणाभोवती पिशवी तयार होते आणि ती आत ओढली जाते. याला एंडोसायटोसिस म्हणतात. या कामाला ऊर्जा लागते, म्हणून पेशी ४ अंश सेल्सिअसला ठेवल्या तर ते जवळपास थांबतं. हीच गोष्ट चाचणी म्हणून वापरता येते: एक ताटली ३७ अंशांवर, दुसरी ४ अंशांवर, कणांचं प्रमाण आणि वेळ सारखी. दुसरीतही तेवढीच चमक दिसली तर कण आत गेलेच नसतील, आवरणाला बाहेरून चिकटले असतील, किंवा एखादा लहान रेणू थेट आरपार झिरपत असेल.

आत गेल्यावर पिशवी पुष्कळदा लायसोसोमपर्यंत (पेशीतल्या पचनाच्या पिशवीपर्यंत) जाते आणि कण तिथेच अडकतात. म्हणून प्रतिमेत केंद्रकाभोवती ठिपके ठिपके दिसतात आणि केंद्रक काळं राहतं. संपूर्ण पेशी एकसारखी उजळलेली दिसली तर आनंद आवरा आणि आधी पेशी जिवंत आहे का ते बघा. मेलेल्या पेशीचं आवरण फाटकं असतं, त्यातून काहीही आत शिरतं.

ठरावीक जागी कण पाठवायचा असेल तर पृष्ठभागावर खूण जोडतात. काही कॅन्सरपेशींच्या आवरणावर फोलिक आम्ल पकडणारी प्रथिनं जास्त असतात, म्हणून कणाला फोलिक आम्ल जोडतात. मायटोकॉन्ड्रियासाठी (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागासाठी) धन भार असलेला, चरबीत मिसळणारा गट जोडतात. अशा वेळी त्या जागेचा ओळखीचा रंग सोबत वापरून दोन्ही प्रतिमा एकमेकींवर बसतात का, हे दाखवावंच लागतं.

प्रतिमा प्रत्यक्षात घेतात कशी?

पेशी काचेच्या तळाच्या छोट्या ताटलीत वाढवतात, ३७ अंश तापमान आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये. कणांचं गाळून निर्जंतुक केलेलं द्रावण पोषक माध्यमात मिसळून काही तास ठेवतात, मग फॉस्फेट बफरनं दोन-तीनदा धुतात, म्हणजे बाहेर राहिलेले कण निघून जातात. नंतर फ्लुरोसन्स किंवा कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाखाली ४०५, ४८८ किंवा ५६१ नॅनोमीटरचा लेझर टाकून पाहतात. कॉन्फोकलमध्ये पेशीचे आडवे काप पाहता येतात, त्यामुळे कण आत आहे की वर बसलाय ते कळतं.

सगळ्यांत महत्त्वाची ताटली ती, जिच्यात कण टाकलेलेच नाहीत. तिची प्रतिमा त्याच लेझर-शक्तीवर, त्याच एक्स्पोजरवर, त्याच गेनवर (प्रकाशाचा संकेत किती पट वाढवायचा, त्या मापावर) घ्या. ती सोबत छापली नसेल तर तुमची प्रतिमा मी पुरावा म्हणून स्वीकारत नाही.

निळ्या चमकेवर सर इतके नाराज का असतात?

कारण पेशी स्वतःच निळी-हिरवी चमकते. पेशीच्या ऊर्जाव्यवहारात भाग घेणारं एनएडीएच ४५० ते ४६० नॅनोमीटरच्या आसपास चमकतं, फ्लॅव्हिन ५२० ते ५३० च्या आसपास. तुमचा कणही तिथेच चमकत असेल तर त्याला शोधणं पौर्णिमेच्या चांदण्यात काजवा शोधण्यासारखं आहे. त्यात ४०५ नॅनोमीटरचा जांभळा लेझर पेशीला इजाही करतो.

लाल चमकणारे कण याला उत्तर आहेत. २०१५ मध्ये फिनिलीनडायअमाइनच्या तीन समघटकांपासून (अणू तेच, मांडणी वेगळी) तीन रंग मिळवले गेले: मेटापासून निळा, ऑर्थोपासून हिरवा, पॅरापासून लाल. लांब तरंगलांबीचा प्रकाश ऊतींमध्ये जास्त खोल जातो आणि पेशीची स्वतःची चमक तिथे कमी असते. मात्र फिनिलीनडायअमाइन हा त्वचेला आणि श्वासाला घातक पदार्थ आहे. हातमोजे आणि फ्यूमहूड (घातक वाफ बाहेर ओढणारं कपाट) नसेल तर तो हाताळू नका. आणखी एक गोष्ट: टाकलेल्या प्रकाशागणिक रंग बदलणारा कण 'बहुरंगी' म्हणून मिरवला जातो. पेशीत दुसरा रंग सोबत वापरायचा असेल तेव्हा हाच गुण त्रासाचा होतो, कारण तो प्रत्येक चॅनलमध्ये डोकावतो.

संत्र्याच्या सालीपासून आणि पऱ्हाटीपासून (कापसाच्या वाळक्या झाडांपासून) खरंच कार्बन डॉट बनतात का?

बनतात. २०१२ मध्ये भारतीय संशोधकांनी संत्र्याच्या रसापासून १२० अंशांवर चमकणारे कण बनवले आणि माणसाच्या हाडाच्या कॅन्सरपेशींमध्ये ते दाखवले. साखर, सेल्युलोज, पेक्टिन, आम्ल असं काहीही बंद भांड्यात पाण्यासोबत तापवलं की रेणूंमधून पाणी निघून जातं, ते एकमेकांना जोडले जातात आणि हळूहळू कार्बनचे कण तयार होतात. टेफ्लॉनचं अस्तर असलेल्या स्टीलच्या ऑटोक्लेव्हमध्ये (दाब सोसणाऱ्या घट्ट बंद भांड्यात) १६० ते २०० अंशांवर काही तास ठेवलं की तपकिरी द्रावण मिळतं.

आपल्या भागापुरतं थोडं जास्त सांगतो. आंबिया बहाराचं संत्रं आणि मृग बहाराचं संत्रं (बहार म्हणजे फुलोऱ्याचा हंगाम) सारखं नसतं. साखर, आंबटपणा, सालीची जाडी, सगळं बदलतं. तीच कृती नोव्हेंबरमध्ये एक चमक देईल, मार्चमध्ये दुसरी. म्हणून वहीत बाग कोणती, बहार कोणता, तोड कधीची, साल वाळवली सावलीत की उन्हात, आणि शेवटची फवारणी कधी झाली होती, हे लिहा. बागायतदाराला विचारलं की तो सांगतो. फवारणीचे अंश सालीवर राहतात आणि नंतर पेशी मेल्या तर दोष कणाचा की औषधाचा, हे कळत नाही. सोबत दुकानातून आणलेल्या शुद्ध सायट्रिक आम्लापासूनही एक घाणा काढा. त्याच्याशी तुलना केल्याशिवाय संत्र्याचं वेगळेपण सिद्ध होत नाही.

पऱ्हाटीत, तुरीच्या तुराट्यांत लिग्निन बरंच असतं, त्यामुळे नुसत्या पाण्यात चमक कमी येते आणि काळा गाळ जास्त. मोहफुलात साखर भरपूर, ती लवकर कण देते.

"पऱ्हाटीपासून हे बनते म्हणता, मंग आमच्या पऱ्हाटीले भाव भेटन का?"

भाऊ, नाही मिळणार. पेशी पाहायला लागणारं प्रमाण मिलिग्रॅममध्ये असतं. एका एकरातल्या पऱ्हाटीपासून निघतील एवढे कण वापरायला अख्ख्या देशातल्या प्रयोगशाळा पुरणार नाहीत. कोणी 'नॅनो कार्बन'साठी पऱ्हाटी विकत घेतो म्हणून आगाऊ पैसे किंवा करार मागत असेल तर सही करू नका.

बाटली चमकली म्हणजे कार्बन डॉट मिळाले असं समजायचं का?

समजू नये. संत्र्याच्या सालीतली फ्लॅव्हनॉइडं न तापवताही यूव्हीखाली चमकतात. हिरव्या पानातलं क्लोरोफिल लाल चमकतं, हळदीतलं करक्युमिन पिवळं-हिरवं. म्हणून पहिली चाचणी अगदी साधी आहे: न तापवलेला अर्क आणि तापवलेलं द्रावण शेजारी ठेवून दोघांचे स्पेक्ट्रम (कोणत्या तरंगलांबीला किती प्रकाश, याचे आलेख) काढा.

पुढची पायरी डायलिसिसची, म्हणजे बारीक छिद्रांच्या पिशवीतून लहान रेणू बाहेर जाऊ देण्याची. आधी सेंट्रिफ्यूज करून जाड गाळ काढा, ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा, मग सुमारे १००० डाल्टनच्या (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक) पिशवीत भरून डिस्टिल्ड पाण्यात दोन दिवस ठेवा, पाणी बदलत राहा. इथे बहुतेक जण पिशवीबाहेरचं पाणी ओतून देतात. ते ओतू नका. त्याचीही चमक मोजा. बाहेरचं पाणी आतल्यापेक्षा जास्त चमकत असेल तर तुमची चमक कणाची नव्हती, लहान रेणूंची होती. हा निकाल निराश करणारा असला तरी प्रकल्पात लिहिण्याजोगा आहे, आणि मी त्याला पूर्ण गुण देतो.

त्यानंतर उपकरणांचा नंबर. ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात कण दिसले पाहिजेत. कणांत दिसणाऱ्या अणूंच्या रेषांमधलं अंतर ०.२१ नॅनोमीटरच्या आसपास आलं तर ते ग्रॅफाइटशी जुळतं. एक्सआरडीमध्ये (क्ष-किरणांनी अणूंची मांडणी पाहणाऱ्या चाचणीत) २० ते २५ अंशांदरम्यान रुंद फुगवटा येतो, टोकदार शिखरं आली तर एखादा क्षार शिल्लक आहे. एफटीआयआर या अवरक्त प्रकाशाच्या चाचणीवरून पृष्ठभागाचे गट कळतात. क्वांटम यील्ड काढताना द्रावण इतकं पातळ ठेवा की शोषण ०.१ च्या खाली राहील. नाहीतर द्रावण स्वतःचाच प्रकाश गिळतं आणि आकडा चुकतो.

आमच्याकडचं बोअरचं पाणी चालेल का?

नाही. अकोला, अमरावती, बुलडाण्यातल्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात पाणी क्षारयुक्त असतं. जास्त क्षारांमुळे कणांचे भार झाकले जातात आणि ते गोळा होतात. लोहाचा फेरिक आयन तर कार्बन डॉटची चमक विझवतोच, त्याच गुणावर लोह ओळखण्याच्या चाचण्या बेतलेल्या आहेत. आरओचं पाणी पिण्यासाठी ठीक, या कामासाठी नाही. डिस्टिल्ड पाणी वापरा, भांडीही त्यानंच शेवटची विसळा.

हे कण विषारी आहेत का?

'कार्बनचे आहेत म्हणजे सुरक्षित' हा तर्क चुकीचा आहे. अनेक कार्बन डॉट पेशींना फारसा त्रास देत नाहीत हे खरं, पण ते प्रमाणावर, वेळेवर आणि पृष्ठभागाच्या भारावर अवलंबून असतं. जास्त धन भाराचे कण पेशीच्या ऋण भाराच्या आवरणाला इजा करू शकतात. शिवाय प्रकाश पडल्यावर काही कण ऑक्सिजनची क्रियाशील रूपं तयार करतात. अंधारात ठेवलेल्या पेशी ठणठणीत आणि लेझरखालच्या मेलेल्या, असं त्यामुळे होऊ शकतं. दोन्ही तपासा.

नेहमीची चाचणी एमटीटी. जिवंत पेशी पिवळ्या रंगद्रव्याचं जांभळ्यात रूपांतर करतात आणि तो जांभळा रंग मोजला जातो. पण काही कार्बन डॉट स्वतःच ते रूपांतर करतात किंवा त्याच तरंगलांबीला प्रकाश शोषतात. म्हणून पेशी नसलेल्या खोबणीतही कण आणि एमटीटी टाकून पाहा. चाचणी २४ तासांवर थांबवू नका, ७२ तासांपर्यंत न्या.

शरीरात टोचण्याचा मुद्दा याहून फार पुढचा आहे. क्वांटम डॉटवरच्या अभ्यासातून साधारण ५.५ नॅनोमीटरपेक्षा लहान कण मूत्रपिंडातून लवकर बाहेर पडतात असं दिसलं आहे. मोठे कण यकृत आणि प्लीहेत अडकू शकतात.

सिकलसेलच्या तपासणीसाठी याचा उपयोग होईल का?

गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया भागांत लाल पेशी कोयत्यासारख्या वाकवणारा हा आनुवंशिक आजार घरोघरी माहीत आहे, त्यामुळे हा प्रश्न येतोच, आणि विचारणाऱ्याच्या घरात बहुधा कोणीतरी आजारी असतं. म्हणून स्पष्ट सांगतो: तपासणी सोल्युबिलिटी चाचणीनं होते आणि खात्री इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीनं (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या चाचण्यांनी). ती सरकारी दवाखान्यात करून घ्या. कार्बन डॉट हे संशोधनाचं साधन आहे, रोगनिदानाचं नाही.

शास्त्राच्या बाजूनंही अडचण आहे. लाल पेशीतलं हिमोग्लोबिन ४१५ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश जोरात शोषतं, म्हणजे जांभळा लेझर आणि निळी चमक दोन्ही तिथेच गिळली जातात. पक्व लाल पेशीत एंडोसायटोसिसही जवळपास नसतं. आणि रुग्णाचं रक्त प्रकल्पासाठी घ्यायचं तर नैतिक समितीची परवानगी आणि लेखी संमती लागते. ओळखीच्या रुग्णाच्या बोटाला सुई टोचून नमुना आणणं हे चालणार नाही.

कॉलेजात फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शक नाही, पेशी वाढवायची सोय नाही. मग आम्ही काय करायचं?

जे इथे चांगलं होतं ते इथे करा. कण बनवणं, शुद्ध करणं, यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रम काढणं, ३६५ नॅनोमीटरच्या टॉर्चखाली फोटो घेणं, आम्लता आणि क्षार बदलून चमक कशी बदलते ते पाहणं, महिनाभर ठेवून टिकाऊपणा मोजणं. यातलं एकही काम दुय्यम नाही. मोठ्या प्रयोगशाळेत घाईघाईनं होणारं काम नेमकं हेच असतं.

प्राण्यांच्या पेशी मात्र इथे वाढवायच्या फंदात पडू नका. लोडशेडिंगमध्ये इन्क्युबेटर थंड होतो, उन्हाळ्यात खोलीच पंचेचाळीस अंशांकडे जाते आणि आठवड्याची मेहनत एका दुपारी मरते. प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेल्या पेशी (सेल लाइन) पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या संग्रहातून मिळतात. हेला पेशी, ज्या १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतून त्यांना न विचारता घेतल्या गेल्या, त्याही अशाच संग्रहांतून जगभर जातात. ते काम सोय असलेल्या प्रयोगशाळेसोबत करा. देशभरातली उपकरणं शोधून वेळ घेण्यासाठी आय-स्टेम हे सरकारी पोर्टल आहे, आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी मुंबई आयआयटीतल्या 'सैफ' या उपकरण-केंद्राकडे बाहेरच्या संस्थाही नमुने पाठवतात.

इथल्या इथे सजीव पेशी पाहायच्याच असतील तर यीस्ट घ्या. बेकरीतलं यीस्ट कोमट साखरेच्या पाण्यात जागं होतं. अर्ध्या पेशी उकळून मारा, अर्ध्या जिवंत ठेवा, दोन्हींना कण द्या आणि मिथिलीन ब्ल्यूनं जिवंत-मेलेलं ओळखा. कण मेलेल्यांतच जास्त शिरत असतील तर तोही धडधडीत निकाल आहे. कांद्याच्या पातीचा पापुद्राही चालतो, पण वनस्पतीची पेशीभित्तिका स्वतः निळी चमकते आणि हिरव्या भागातलं क्लोरोफिल ६८० नॅनोमीटरच्या आसपास लाल, हे लक्षात ठेवा.

नमुना नागपूर-मुंबईला न्यायचा कसा?

शक्य असेल तर गोठवून वाळवलेली पूड न्या. द्रावण न्यायचं असेल तर तपकिरी बाटली, वर फॉइल, थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशव्या. मे महिन्यात एसटीच्या टपावर किंवा खिडकीशी ठेवू नका. जाण्याआधीचा स्पेक्ट्रम सोबत ठेवा, तिथे पोचल्यावर पुन्हा काढायला सांगा.

शाळेतल्या मुलांना दाखवता येईल का? घरच्या कुकरमध्ये करू का?

कुकरमध्ये करू नका. अशा कृतींत कधी स्पिरिट वापरतात, आणि त्याची वाफ गॅसजवळ भडकते. ऑटोक्लेव्हही दोन-तृतीयांशांहून जास्त भरायचा नाही आणि पूर्ण थंड झाल्याशिवाय उघडायचा नाही. मेणबत्तीची काजळी नायट्रिक आम्लात तापवण्याचा प्रयोग फ्यूमहूडशिवाय नको, त्यातून निघणारा तांबूस धूर फुफ्फुसाला घातक आहे.

शाळेसाठी फ्लुरोसन्स दाखवायला पालकाची पानं स्पिरिटमध्ये चुरगाळा, गाळा आणि अंधारात यूव्ही टॉर्च मारा. हिरवं द्रावण रक्तासारखं लाल उजळतं आणि मुलं श्वास रोखून बघतात. टॉर्चचा प्रकाश डोळ्यांत जाऊ देऊ नका, यूव्ही अडवणारा चश्मा घाला.

अहवालात काय हवंच?

प्रत्येक प्रतिमेवर मायक्रोमीटरची पट्टी. लेझर, फिल्टर आणि एक्स्पोजरचे आकडे. कण न टाकलेल्या पेशी. डायलिसिसच्या बाहेरच्या पाण्याचा स्पेक्ट्रम. किती वेळा प्रयोग केला आणि निकाल किती हलला. संगणकावर उजळपणा वाढवला असेल तर तोही लिहा, आणि सगळ्या प्रतिमांचा सारखाच वाढवा.

उरलेलं द्रावण मोरीत ओतलं तर चालेल?

नको. साधं सायट्रिक आम्लाचं किंवा सालीचं द्रावण बाटलीत साठवून, नाव आणि तारीख लिहून ठेवा. नायट्रिक आम्लाचं असेल तर खायच्या सोड्यानं फेस येणं थांबेपर्यंत हळूहळू उदासीन करा. फिनिलीनडायअमाइनचं वेगळ्या बाटलीत ठेवून घातक कचरा म्हणून कॉलेजच्या नोंदीत द्या. आपल्याकडे बऱ्याच कॉलेजांच्या मोरीचं पाणी मागच्या नाल्यात जातं, आणि नाल्याच्या काठी कोणाची तरी विहीर असते.